ब्राउझरमधील कुकीज आणि अपडेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, अर्जाच्या तिसऱ्या पानावर गेल्यावर अचानक पहिले पान समोर येते, काल चालणारे संकेतस्थळ आज अर्धवटच उघडते. अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा कुकीजची चुकीची सेटिंग असते किंवा जुना राहिलेला ब्राउझर असतो. त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'सगळा डेटा पुसून टाका'. हा उपाय कधीकधी लागू पडतो, पण त्यात शंभर ठिकाणची लॉगिन जातात आणि नेमके काय बिघडले होते ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून पुढील उत्तरांमध्ये आधी कारण शोधण्यावर आणि नंतर तेवढेच दुरुस्त करण्यावर भर दिला आहे. मेन्यूंची नावे आवृत्तीनुसार थोडीफार बदलतात; नेमका शब्द सापडला नाही, तर सेटिंग्जच्या पानावरील शोधाच्या चौकटीत 'कुकी' असे लिहून पाहावे.

कुकी म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळे ज्या एचटीटीपी नियमावलीवर चालतात, तिच्यात स्मरणशक्तीची सोय नाही. तुम्ही एक पान मागितले, सर्व्हरने (संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते त्या संगणकाने) ते दिले, की त्याच्या लेखी तुमचा संबंध संपला. पुढचे पान मागणारे तुम्हीच आहात हे त्याला आपोआप कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची कल्पना मांडली. सर्व्हर उत्तरासोबत मजकुराचा एक लहानसा तुकडा पाठवतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक मागणीसोबत तो परत दाखवतो. टोकन देऊन सामान सांभाळायला घेतात, तसाच हा व्यवहार आहे. सामान सर्व्हरकडे असते आणि तुमच्या हातात फक्त टोकन असते.

एक कुकी जवळून पाहू. देवनागरीत लिहायची तर ती साधारण अशी दिसेल: 'सत्र=क७फ२९ब; मॅक्स-एज=३६००; सिक्युअर; एचटीटीपी-ओन्ली; सेमसाइट=लॅक्स'. पहिल्या भागात नाव आणि मूल्य आहे, म्हणजेच टोकनचा क्रमांक. मॅक्स-एज हे आयुष्य सेकंदांत सांगते, त्यामुळे ही कुकी तासाभराने आपोआप बाद होईल. 'सिक्युअर' म्हणजे ती फक्त एनक्रिप्टेड (तिसऱ्याला वाचता न येणाऱ्या) जोडणीवरूनच पाठवायची, 'एचटीटीपी-ओन्ली' म्हणजे पानावरील जावास्क्रिप्टला, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला, ती वाचता येणार नाही, आणि 'सेमसाइट' हा शब्द दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या मागणीसोबत ती पाठवायची की नाही हे ठरवतो. पुढील बहुतेक अडचणी या चार-पाच शब्दांपैकी एखाद्याशी जोडलेल्या आहेत.

कुकीमुळे संगणकात व्हायरस शिरू शकतो का?

नाही. कुकी हा निव्वळ मजकूर असतो, तो प्रोग्रॅमसारखा चालत नाही. कुकीचा खरा धोका वेगळा आहे. लॉगिनची कुकी दुसऱ्याच्या हाती लागली, तर त्याला पासवर्ड न टाकता तुमच्या नावाने आत शिरता येते. त्याविषयी पुढे स्वतंत्र उत्तर दिले आहे.

'तुमच्या ब्राउझरमध्ये कुकीज बंद आहेत' असा संदेश येतो, पण मी तर काहीच बंद केलेले नाही. असे का होते?

हा संदेश दाखवणारे संकेतस्थळ बहुधा तुमची सेटिंग पाहत नसते. ते एक चाचणीची कुकी ठेवते आणि लगेच ती परत मागून पाहते. परत आली नाही, तर कुकीज बंद आहेत असा निष्कर्ष काढून मोकळे होते. कुकी परत न येण्याला मात्र इतरही कारणे असतात, आणि संदेशातून ती कळत नाहीत.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पानाच्या आत बसवलेले दुसरे पान. परीक्षेची चौकट, व्हिडिओ, गप्पांची खिडकी किंवा पैसे भरण्याचा भाग वेगळ्याच संकेतस्थळाहून आलेला असतो, त्यामुळे त्याची कुकी ब्राउझरच्या दृष्टीने तिऱ्हाइताची ठरते आणि अडवली जाते. मुख्य संकेतस्थळ व्यवस्थित चालते, फक्त आतली चौकट तक्रार करते, अशी परिस्थिती असेल तर कारण हेच आहे असे समजावे. अशा वेळी ती चौकट स्वतंत्र टॅबमध्ये उघडण्याचा दुवा असेल, तर तो वापरणे हा सर्वांत साधा मार्ग आहे.

दुसरे कारण म्हणजे जाहिराती किंवा पाळत रोखणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. ते कधीकधी गरजेपेक्षा जास्त कडक वागते. तिसरे कारण म्हणजे कधीकाळी नकळत जोडला गेलेला अपवाद. एखाद्या संकेतस्थळाचे नाव 'कुकी ठेवू देऊ नये' या यादीत एकदा पडले, की सर्वसाधारण सेटिंग सुरू असली तरी त्याच्यापुरता हा नियमच चालतो. ही यादी उघडून पाहायला फारसे कोणी जात नाही, म्हणून ती मुद्दाम पाहावी.

पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा लॉगिनचेच पान येते. नेमकी तपासणी कशी करावी?

ही तक्रार सर्वांत जास्त येते, म्हणून तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू. पासवर्ड चुकला असता तर तसे लाल अक्षरांत लिहून आले असते. इथे काहीच लिहून येत नाही, क्षणभर पान हलते आणि रिकामी चौकट पुन्हा समोर येते. याचा अर्थ सर्व्हरने तुम्हाला ओळखले, टोकन दिले, पण पुढच्या पानावर जाताना ते टोकन तुमच्या ब्राउझरने दाखवले नाही किंवा जुनेच दाखवले.

पहिली चाचणी खाजगी खिडकीची. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो, एजमध्ये इनप्रायव्हेट आणि फायरफॉक्स व सफारीमध्ये प्रायव्हेट विंडो म्हणतात. ही खिडकी रिकाम्या कुकीजनिशी सुरू होते आणि क्रोम, एज व फायरफॉक्समध्ये बहुतेक एक्स्टेन्शन तिथे मुळात बंदच असतात. तिथे लॉगिन झाले, तर सर्व्हर, पासवर्ड आणि इंटरनेट यांच्यात दोष नाही हे एका मिनिटात सिद्ध होते. दोष तुमच्या नेहमीच्या खिडकीत साठलेल्या कुकीत किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. तिथेही झाले नाही, तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण खाजगी खिडकीत तिऱ्हाइतांच्या कुकीज अधिक कडकपणे अडवल्या जातात आणि त्यामुळेही लॉगिन अडू शकते.

खाजगी खिडकीत जमले असेल, तर नेहमीच्या खिडकीत परत येऊन फक्त त्या संकेतस्थळाच्या कुकीज पुसाव्यात आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही अडले, तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत जावे. सगळी एकदम बंद केली तर अडचण सुटेल, पण दोषी कोणते ते कळणार नाही.

याशिवाय दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे बुकमार्क. अनेकांनी लॉगिनच्या पानाचाच बुकमार्क केलेला असतो, आणि त्या पत्त्यात त्या वेळच्या एका लॉगिनपुरता असलेला लांबलचक संकेत अडकलेला असतो. तो संकेत कधीच बाद झालेला असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी नकार मिळतो. संकेतस्थळाचे मुख्य पान हाताने लिहून उघडावे, तिथून लॉगिनकडे जावे आणि यश आले तर जुना बुकमार्क काढून टाकावा.

दुसरी गोष्ट म्हणजे संगणकाचे घड्याळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपली, की तो सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र 'अजून लागू झालेले नाही' असे ब्राउझरला वाटते आणि तो पानच उघडू देत नाही. घड्याळ पुढे गेले असेल, तर ठरावीक तारखेपर्यंत वैध असलेली कुकी आल्या क्षणी बाद ठरू शकते. काही ब्राउझर सर्व्हरच्या वेळेशी ताडून ही तफावत सांभाळून घेतात, पण त्यावर विसंबू नये. तारीख, वेळ आणि टाइम झोन आपोआप ठरवण्याची सेटिंग सुरू ठेवावी.

फक्त एकाच संकेतस्थळाच्या कुकीज कशा पुसाव्यात?

क्रोम आणि एजमध्ये ते संकेतस्थळ उघडून अ‍ॅड्रेस बारच्या डाव्या टोकाला असलेल्या लहान चिन्हावर दाबावे. उघडणाऱ्या चौकटीत कुकीज आणि साइट डेटाचा पर्याय असतो; त्यातून त्या संकेतस्थळाने साठवलेली माहिती दिसते आणि तिथेच पुसता येते. फायरफॉक्समध्येही अ‍ॅड्रेस बारमधील त्याच जागेच्या चिन्हावर दाबल्यावर कुकीज आणि साइट डेटा पुसण्याचा पर्याय मिळतो. मॅकवरील सफारीत सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी' या भागात 'मॅनेज वेबसाइट डेटा' असे बटण असते, तर आयफोनवर फोनच्या सेटिंग्जमध्ये सफारीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात 'वेबसाइट डेटा' ही यादी सापडते.

पुसण्यापूर्वी त्या संकेतस्थळाचे इतर सगळे टॅब बंद करावेत. एखादा टॅब उघडा राहिला, तर तो पार्श्वभूमीला सर्व्हरशी बोलत राहतो आणि पुसलेली कुकी काही सेकंदांत पुन्हा येऊन बसते. 'पुसले तरी फरक पडला नाही' असे सांगणाऱ्यांच्या बाबतीत बरेचदा हेच घडलेले असते.

सगळा डेटा पुसला तर काय काय जाते?

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्या, की क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये डेटा पुसण्याची चौकट उघडते. तिच्यात वेगवेगळ्या खुणा असतात आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळा असतो. कुकीज पुसल्या, की जवळपास सगळीकडून लॉगआउट होते आणि 'हे उपकरण विश्वासाचे आहे' ही नोंदही जाते, त्यामुळे ओटीपी पुन्हा मागितला जातो. कॅशे म्हणजे पाने लवकर उघडावीत म्हणून साठवलेली चित्रे आणि फाइली. त्या पुसल्याने काहीच हरवत नाही, पहिल्यांदा पान उघडायला थोडा वेळ लागतो इतकेच. साठवलेल्या पासवर्डची खूण मात्र वेगळी असते, आणि ती चुकून लावली तर नुकसान मोठे होते. घाईत सगळ्याच खुणा लावू नयेत, ही विनंती.

पान विस्कटलेले दिसते, बटणे जागेवर नाहीत किंवा जुनाच मजकूर दिसतो, अशी तक्रार असेल तर कुकीजना हात लावण्याचे कारणच नाही. ती कॅशेची तक्रार आहे. कंट्रोल आणि एफ ५ एकत्र दाबल्यावर बहुतेक ब्राउझर साठवलेली प्रत बाजूला ठेवून पान नव्याने मागवतात.

'रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज' असे इंग्रजीत लिहिलेले पांढरे पान येते. ते काय आहे?

त्या संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये इतक्या कुकीज साठवल्या आहेत, की त्या सगळ्या एकत्र परत पाठवताना सर्व्हरची मर्यादा ओलांडली जाते. ब्राउझरने एका कुकीसाठी किमान ४०९६ बाइट आणि एका डोमेनसाठी (संकेतस्थळाच्या मुख्य पत्त्यासाठी) किमान ५० कुकीज सांभाळाव्यात अशी अपेक्षा २०११ च्या कुकी प्रमाणकात आहे. सर्व्हर मात्र एकूण मागणीचा आकार याहून बराच कमी ठेवतात. म्हणजे ब्राउझर नियमाने वागत असतानाही हा अडथळा येऊ शकतो. त्या एका संकेतस्थळाच्या कुकीज पुसल्या, की तो लगेच दूर होतो. काही दिवसांनी पुन्हा तेच पान आले, तर दोष संकेतस्थळाच्या बांधणीत आहे आणि तो त्यांना कळवायला हवा.

तिऱ्हाइतांच्या कुकीज, म्हणजे 'थर्ड पार्टी कुकीज', बंद ठेवाव्यात का?

आमच्या मते, होय. तुम्ही ज्या संकेतस्थळावर आहात त्याची स्वतःची कुकी लॉगिनसाठी आणि तुमची निवड लक्षात ठेवण्यासाठी लागते. पण त्याच पानावर जाहिरात देणारी कंपनी आपली कुकी ठेवते, तीच कंपनी पुढच्या शेकडो पानांवरही असते, आणि सगळीकडे तेच टोकन दिसल्यामुळे तुम्ही कुठे कुठे गेलात याची साखळी तिला जोडता येते. कुकीची मूळ कल्पना यासाठी नव्हती.

ब्राउझरांनी याबाबत वेगवेगळी भूमिका घेतली आहे. सफारीने मार्च २०२० पासून अशा कुकीज पूर्णपणे अडवायला सुरुवात केली. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ज्ञात पाळत ठेवणाऱ्यांच्या कुकीज मुळातच अडवल्या आणि जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकीजचा वेगळा डबा ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी सुरू केली, त्यामुळे एका ठिकाणची कुकी दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही. गुगलने क्रोममधून अशा कुकीज काढून टाकण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये केली, मुदत अनेकदा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. त्यामुळे क्रोम वापरणाऱ्याला ही निवड स्वतःच करावी लागते. सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' भागात 'थर्ड पार्टी कुकीज' नावाचे पान आहे, तिथे ती करता येते.

त्या सेटिंगने एखादे आवश्यक संकेतस्थळ अडले, तर सगळ्यांसाठी दार उघडू नये. त्याच पानावर ठरावीक संकेतस्थळांना परवानगी देण्याची यादी असते, तिच्यात तेवढेच एक नाव घालावे. 'सर्व कुकीज बंद' ही टोकाची सेटिंग मात्र टाळावी, कारण तिने लॉगिन जवळजवळ सगळीकडेच बंद पडते.

कुकीजची संमती मागणारी पट्टी प्रत्येक भेटीत पुन्हा का येते?

कारण तुम्ही दिलेले उत्तर बहुधा एका कुकीतच साठवलेले असते. नकार दिला तरी तो नकार लक्षात ठेवण्यासाठी कुकी लागते. ब्राउझर बंद करताना कुकीज पुसल्या जात असतील किंवा तुम्ही खाजगी खिडकी वापरत असाल, तर उत्तरही पुसले जाते आणि संकेतस्थळ तुम्हाला नवखे समजून पुन्हा विचारते.

ब्राउझर बंद केला की प्रत्येक वेळी लॉगआउट का होते?

कुकीज दोन प्रकारच्या असतात. जिच्यावर मुदत लिहिलेली नसते ती सत्रापुरती असते आणि ब्राउझर बंद होताच संपते. जिच्यावर मुदत असते ती तोपर्यंत टिकते. बँकांसारख्या सेवा मुद्दाम पहिला प्रकार वापरतात, तिथे लॉगआउट होणे हेच योग्य आहे आणि त्यावर उपाय शोधू नये. सगळ्याच संकेतस्थळांवर असे होत असेल, तर ब्राउझर बंद करताना साइटचा डेटा पुसण्याची सेटिंग सुरू आहे का ते पाहावे. संगणक साफ ठेवणारे काही प्रोग्रॅमही ठरावीक वेळी कुकीज पुसतात, आणि बसवणाऱ्याला त्याचा विसर पडलेला असतो.

दीर्घ मुदतीलाही आता मर्यादा आहे. क्रोमने २०२२ पासून कोणत्याही कुकीचे आयुष्य जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणले. पानावरील जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीज सफारी सात दिवसांनंतर काढून टाकतो. आयफोनवर दर आठवड्याला एखादे संकेतस्थळ तुम्हाला विसरत असेल, तर त्याचे कारण हे असू शकते.

मेसेजमधील दुव्यावर दाबले की लॉगिन मागितले जाते, पण ब्राउझरमध्ये तर मी आधीच लॉगिन केलेले आहे. असे का?

अनेक मेसेजिंग आणि समाजमाध्यमांची अ‍ॅप दुवा आपल्याच आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतात. त्याच्या कुकीज तुमच्या नेहमीच्या ब्राउझरपासून वेगळ्या असतात, म्हणून त्याच्या लेखी तुम्ही अनोळखी आहात. वरच्या कोपऱ्यातील मेन्यूतून 'ब्राउझरमध्ये उघडा' हा पर्याय निवडावा. लांबलचक अर्ज भरायचा असेल, तर हे सुरुवातीलाच करावे. अर्धा अर्ज झाल्यावर खिडकी बदलली तर भरलेले सगळे हातचे जाते.

ब्राउझर अपडेट ठेवण्यावर इतका भर का दिला जातो?

कारण ब्राउझर दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड तुमच्या संगणकावर चालवत असतो. सप्टेंबर २०२३ मधील एक घटना यासाठी पुरेशी बोलकी आहे. वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या एका मुक्त लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडच्या संचात, गंभीर दोष सापडला. खास रचलेले चित्र नुसते पानावर दिसले, तरी त्यातून संगणकावर हल्ला करणे शक्य होते, आणि दोष जाहीर झाला तेव्हा त्याचा प्रत्यक्ष गैरवापर सुरूही झाला होता. क्रोम, फायरफॉक्स आणि एज हे सगळेच ती लायब्ररी वापरत असल्यामुळे सर्वांनाच तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. ज्यांनी अपडेट घेतले ते सुरक्षित झाले. ज्यांनी 'नंतर' हे बटण दाबले, त्यांच्याकडे दोष तसाच राहिला, आणि तो कुठे आहे हे आता सगळ्या जगाला ठाऊक होते. दुरुस्ती जाहीर झाल्यानंतरचे दिवस जुन्या आवृत्तीसाठी सर्वांत धोक्याचे असतात, ते यामुळेच.

माझा ब्राउझर अद्ययावत आहे की नाही, हे कसे पाहावे?

क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या मेन्यूतील 'हेल्प' मधून 'अबाउट गुगल क्रोम', एजमध्ये 'हेल्प अँड फीडबॅक' मधून 'अबाउट मायक्रोसॉफ्ट एज' आणि फायरफॉक्समध्ये 'हेल्प' मधून 'अबाउट फायरफॉक्स' उघडावे. हे पान उघडताच ब्राउझर स्वतःहून नवी आवृत्ती शोधू लागतो. सफारी मॅकओएस आणि आयओएसच्या अपडेटसोबत येतो, म्हणून त्यासाठी उपकरणाच्या सेटिंग्जमधील सॉफ्टवेअर अपडेट पाहावे लागते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये ब्राउझरसोबतच 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' याचेही अपडेट घ्यावे, कारण अनेक अ‍ॅपमधील आतला ब्राउझर त्यावरच चालतो.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. अपडेट डाउनलोड होणे आणि ते लागू होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ब्राउझर पार्श्वभूमीला नवी आवृत्ती आणून ठेवतो, पण पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय जुनीच चालत राहते. झाकण मिटून लॅपटॉप झोपवणारे आणि चाळीस टॅब महिनोन्‌महिने उघडे ठेवणारे वापरकर्ते 'आपोआप अपडेट' सुरू असूनही मागे राहतात ते यामुळे. क्रोम याची आठवण मेन्यूजवळच्या रंगातून देतो. हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोन दिवसही झालेले नाहीत, नारिंगी म्हणजे सुमारे चार दिवस झाले आणि लाल म्हणजे किमान एक आठवडा उलटला. टॅब जाण्याची भीती असेल, तर 'रीलाँच' हे बटण वापरावे. ते उघडे टॅब परत आणून देते. फक्त खाजगी खिडकीतील टॅब परत येत नाहीत आणि अर्धवट भरलेला अर्जही टिकेलच असे नाही.

अपडेट होतच नाही. काय कारण असू शकते?

सर्वांत आधी डिस्कवर जागा शिल्लक आहे का ते पाहावे. त्यानंतर मेन्यूच्या तळाशी 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' अशा अर्थाची ओळ आहे का ते पाहावे. ती असेल, तर आवृत्ती आणि कुकीजची सेटिंग दोन्ही कार्यालयाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागाच्या हातात आहेत, आणि तिथेच विचारणा करावी. घरच्या स्वतःच्या संगणकावर ही ओळ दिसली, तर एखाद्या प्रोग्रॅमने परस्पर नियम बसवले असण्याची शक्यता असते. तो कोणता ते शोधून काढायला हवे.

यांपैकी काही नसेल, तर बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच जुनी झाली आहे. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली, तर त्याच प्रणालींसाठी फायरफॉक्सची शेवटची शाखा ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा आधार मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वर १५ जून २०२२ रोजी काढून घेतला. अशा संगणकावर ब्राउझरचे 'अबाउट' पान सगळे ठीक असल्यासारखे भासू शकते, कारण त्या प्रणालीसाठी याहून नवे काही उपलब्धच नसते. म्हणून आवृत्तीचा क्रमांक स्वतः वाचावा. असा संगणक पैशांच्या व्यवहारांसाठी वापरू नये.

अपडेट केल्यावर कुकीज, बुकमार्क किंवा पासवर्ड जातात का?

नाही. नेहमीच्या अपडेटमध्ये हे सगळे जागेवर राहते. ब्राउझर काढून टाकून नव्याने बसवताना मात्र 'ब्राउझिंग डेटाही पुसा' अशी खूण येते, ती लावू नये.

अपडेटनंतर एखादे संकेतस्थळ चालेनासे झाले, तर जुन्या आवृत्तीकडे परत जावे का?

जाऊ नये. असे प्रसंग खरोखर येतात, हे मान्य आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, ज्या कुकीवर 'सेमसाइट' लिहिलेले नाही ती 'लॅक्स', म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या बहुतेक मागण्यांसोबत न पाठवायची, समजण्याचा नियम हळूहळू लागू होऊ लागला, आणि दुसऱ्या संकेतस्थळावरून लॉगिन किंवा पैसे भरून परत येणाऱ्या अनेक जुन्या व्यवस्था त्यामुळे अडल्या. महासाथीच्या काळात अत्यावश्यक सेवा खोळंबू नयेत म्हणून गुगलने एप्रिलमध्ये तो बदल तात्पुरता मागे घेतला आणि जुलैमध्ये पुन्हा सुरू केला. त्यातून दिसते ते असे, की दुरुस्ती शेवटी संकेतस्थळालाच करावी लागली. तोपर्यंत त्या एका कामापुरता दुसरा अद्ययावत ब्राउझर वापरावा आणि संकेतस्थळाच्या चालकांना आवृत्तीच्या क्रमांकासह कळवावे.

'तुमचा ब्राउझर जुना आहे, अपडेटसाठी येथे दाबा' असे एखाद्या पानावर आले, तर काय करावे?

तिथे दाबू नये. खोटे अपडेट दाखवून घातक फाइल उतरवून घ्यायला लावणे हा जुना आणि आजही चालणारा सापळा आहे, आणि तो चांगल्या पण कोणीतरी फोडलेल्या संकेतस्थळांवरही दिसतो. खरे अपडेट पानाच्या आतून येत नाही. संदेश खरा वाटला तरी टॅब बंद करून वर सांगितलेले 'अबाउट' पान उघडावे. अपडेट असेल तर तिथे दिसेलच.

लॉगिनची कुकी चोरीला गेल्याची शंका आली, तर कुकीज पुसणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. तुमच्याकडचे टोकन फाडले, तरी चोराकडे त्याची नक्कल शिल्लक राहते. सर्व्हरवरील सत्रच संपवायला हवे. स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या उपकरणावरून खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करावे, मग पासवर्ड बदलावा, आणि मूळ संगणक घातक प्रोग्रॅमपासून साफ केल्याशिवाय त्यावर पुन्हा लॉगिन करू नये. क्रोमने जुलै २०२४ मधील १२७ व्या आवृत्तीपासून विंडोजवर कुकीज अधिक मजबूत एनक्रिप्शनने साठवायला सुरुवात केली आहे. हे संरक्षणही अपडेट घेणाऱ्यांनाच मिळते.

हे सगळे करूनही अडचण सुटली नाही. संकेतस्थळाच्या मदत विभागाला काय कळवावे?

ब्राउझरचे नाव आणि आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, अडचण आली ती वेळ, पानाचा पत्ता, खाजगी खिडकीत काय झाले आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय झाले, एवढे लिहिले तर निम्मे काम होते. 'साइट चालत नाही' या एका ओळीवर कोणालाही काही शोधता येत नाही.

काही वेळा मदत विभाग 'हार' नावाची फाइल मागतो. तिच्यात ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील सगळा संवाद नोंदलेला असतो, आणि त्यात चालू लॉगिनच्या कुकीजही असू शकतात. नव्या क्रोममध्ये ही फाइल काढताना संवेदनशील भाग आपोआप गाळला जातो, इतरत्र तशी खात्री नसते. म्हणून फाइल तयार झाल्यावर आधी त्या खात्यातून लॉगआउट करावे, म्हणजे बहुतेक सेवांमध्ये फाइलमधील टोकन बाद होते. त्यानंतरच ती पाठवावी, आणि तीही फक्त सेवेच्या अधिकृत तक्रार यंत्रणेतून.